मसुऱ्याचा एकच भिकाजी

गुरुवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. मालवण बाजारपेठेत शिंप्याच्या दुकानावरची खोली, हीच आमच्या दैनिकाची तालुका कचेरी. खोलीत दोन टेबलं, एक पंखा, मी, आणि आमची नवी वार्ताहर ऋतुजा.

चहा घ्या आणि ऐका. एकतीस वर्षं मी लोकांची बिंगं फोडली. आता माझं कसं फुटलं ते मीच सांगतो, म्हणजे तुम्हाला ते दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको. गावात तिखटमीठवाले कमी नाहीत!

तर त्या सकाळी मी ऋतुजाला फैलावर घेतलं होतं. कारण काय? तिच्या नावावर 'खुलासा' छापून आला होता. खुलासा म्हणजे माहीत आहे ना? आपण चूक छापली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, काळ्या चौकटीत, मुंगीएवढ्या अक्षरांत माफी मागायची, तो. पोरीने देवगडच्या एका सरपंचबाईंना वेंगुर्ल्याला नेऊन बसवलं होतं.

"एकतीस वर्षं!" मी टेबलावर मूठ आपटली. "एकतीस वर्षांत माझ्या नावावर एक खुलासा दाखव. एक! बातमी हातात आली की तीनदा तपासायची. तीनदा!"

"हो सर," ती म्हणाली. बिचारीने वहीत '३' असा आकडासुद्धा लिहून घेतला.

आणि त्याच क्षणी, त्याच टेबलावर, माझ्यासमोर तीन कागद पडले होते. दैव कसं असतं बघा!

पहिला कागद पुण्याचा. जपानी पद्धतीच्या चित्रकथांच्या, म्हणजे मँगाच्या, स्पर्धेत मसुऱ्याच्या भिकाजी परब याला पहिलं बक्षीस. कथेच्या नायकाचं नावही भिकाजीच. बशीएवढे डोळे, वाऱ्यावर उडणारे केस, आणि हातात तलवारीच्या जागी कोयता! माडाच्या झाडावरून उडी मारून राक्षसाचा फडशा पाडतो.

दुसरा कागद तारकर्लीच्या एका पर्यटक-निवासवाल्याचा. त्याच्याकडे जुना पियानो आहे. खाऱ्या हवेने चार पट्ट्या मुक्या झालेल्या. त्यावर मसुऱ्याचा भिकाजी परब रोज दोन तास सराव करतो. बोटांच्या सरावासाठी त्याने स्वतःच बारा छोटे तुकडे बांधलेत आणि त्यांना नावं दिलीत 'भिकाजी एक', 'भिकाजी दोन', असं करत 'भिकाजी बारा'पर्यंत.

तिसरा कागद म्हणजे सर्कशीची जाहिरात. कसालच्या मैदानावर तंबू पडला होता. जाहिरातीत हत्तीच्या जागी मोठ्ठं लाल नाक आणि खाली अक्षरं: 'आपल्या मातीतला जोकर भिकाजी'. कोपऱ्यात बारीक टाइपात: भिकाजी परब, मसुरे.

आता तुम्हीच सांगा. भिकाजी हे नाव आजच्या काळात किती पोरांचं असतं? आर्यन असतात, विहान असतात. शाळेत दगड मारला तर तीन अथर्वांना लागतो! पण भिकाजी? त्यातही परब? त्यातही मसुऱ्याचा?

माझ्या डोक्यात दिवा लागला. दिवा कसला, दीपमाळ!

"ऋतुजा, हे बघ. तीन कागद तुझ्यासमोरही पडले होते. तुला काय दिसलं?"

"तीन बातम्या, सर."

"हाच फरक! मला एक माणूस दिसतोय."

"सर, तपासायचं का?"

"बघच आता."

मी मसुऱ्याला परबांच्या घरी फोन लावला. एका बाईंनी उचलला.

"भिकाजी परबांचा घर मा ह्या?"

"हां, तांचाच. कोण बोलतत?"

"पेपरवालो. भिकाजी ती जपानी चित्रा काढता, खरा?"

"खरा. घरातली एक भिंत मोकळी ठेवल्यान नाय."

"पियानो वाजयता?"

"वाजयता तर! घराक इलो काय टेबलार बोटा आपटता. आमका पाठ झाला सगळा."

"आणि सर्कशीत जोकर?"

"हां, आसा. पण भाऊनू, वाईच आयका..."

"पण-बिण मगे. हो की नाय, तितक्याच सांगा!"

"हो, पण..."

"झाला!" मी फोन ठेवला आणि ऋतुजाकडे पाहिलं. "तीन प्रश्न, तीन होकार. याला म्हणतात तपासणी."

ती काहीतरी बोलणार होती. मी हाताने थांबवलं. गप्प बसवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

शुक्रवारी पहिल्या पानावर चार कॉलम बातमी. मथळा माझाच: 'मसुऱ्याचा एकच भिकाजी! हाती कुंचला, बोटी पियानो, नाकावर लाल चेंडू'. आत मी त्याची दिनचर्याही दिली. पहाटे पियानो, दुपारी चित्रकथा, संध्याकाळी सर्कस. आणि शेवटी लिहिलं, 'झोपता कधी, असं विचारल्यावर हा कलावंत फक्त हसतो.'

आता हा 'हसतो' कुठून आला म्हणाल, तर... जाऊ दे. माणूस एवढं सगळं करत असेल तर हसणारच की!

दुपारपर्यंत मोबाइल तापला. चार वाजता सामंत मास्तर जिना चढून आले. मास्तर म्हणजे आमच्या सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक, मितभाषी माणूस.

"भाऊ, रविवारी सायंकाळी पाचला भिकाजीचो सत्कार. आधी तिन्ही कला रंगमंचावर करून दाखवायच्यो. मुलाखत तुमी घेवची."

"मास्तर, तुमका तो म्हायती आसा?"

"नाव आयकान आसंय," मास्तर म्हणाले आणि खाली बघून चष्मा पुसायला लागले.

त्यांचे खांदे किंचित हलत होते. मला वाटलं, अभिमानाने माणूस भरून आलाय.

रविवारी सकाळी मी मसुऱ्याला गेलो. कलावंताला दोन गोष्टी समजावून सांगाव्यात, मुलाखतीची तालीम करावी, हा हेतू. परबांचं घर लांबलचक, एका ओळीत तीन दारं. अंगणात एक बाई कोकमाची सोलं उन्हात पसरत बसल्या होत्या. घरातली थोरली सून, सगळे त्यांना माई म्हणतात. आवाज ओळखला, फोनवरच्या त्याच.

"माई, भिकाजीक बोलवा."

"खंयच्या?"

"खंयच्या म्हणजे? भिकाजी परबाक!"

"ता कळला ओ. पण मोठ्याचो, मधल्याचो की धाकट्याचो?"

सारवलेलं अंगण माझ्या पायाखालून सरकलं. खरं सांगतो, कोकमंसुद्धा हलताना दिसली!

"माई... किती आसत?"

"थांबा, हाक मारूनच दाखयतंय. भिकाजीऽऽऽ!"

तीन दारांतून तीन 'ओ' आले. आणि मागोमाग तीन माणसं. पहिल्याच्या बोटांना शाई. दुसरा येता येता पडवीच्या खांबावर बोटं नाचवत होता. तिसरा सगळ्यांत गंभीर, मान खाली, मयताला निघाल्यासारखा. तो जोकर! तिघांचं वय एक, उंची एक, आणि नाक तर असं की एकाच साच्यातून काढलेलं.

"घरात आमी बाळा, गुरू नि बबन म्हणतो," माई सांगू लागल्या. "बाळा माजो, चित्रा काढता तो. गुरू मधलीचो, पियानोवालो. बबन धाकटीचो, सर्कशीतलो. पण कागदार तिगेय भिकाजी. आजयाचा नाव मा!"

"तिघांका एकच नाव? ह्या खंयचा शाणपण?"

"आता काय करतलास! म्हातारो गेलो, तेवा आमी तिगीय जावा पोटुशी. म्हाताऱ्यान तिगींच्याय सपनात येवन सांगल्यान, 'मी तुज्याकडे येतंय.' मगे कोण मागे सरतली? जितो होतो तेवा कोणाक एक शब्द दिल्यान नाय, मेल्यार तिगींका दिल्यान!"

आता आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, हे मला माहीत नाही का? माझंच नाव माझ्या आजोबांचं! एकतीस वर्षं या जिल्ह्यात फिरलेला माणूस मी. पण एका म्हाताऱ्याने तीन ठिकाणी जन्म घेतला असेल, हे कोणाच्या ध्यानात येईल हो?

"माई, ह्या फोनार सांगूक नको?"

"सांगी होतंय! तुमीच म्हणालास, पण-बिण मगे. तेवापासून आमी वाट बघतो, ता 'मगे' कधी येता."

"आणि बातमी वाचून कोणाकच कायव वाटला नाय?"

"वाटला तर! बरा वाटला. धाकटी म्हणाली, पेपरवालो हुशार, जागा वाचवन तीन बातम्यो एकात बसवल्यान."

तिन्ही दारांवर माझ्या बातमीचं कात्रण चिकटवलेलं होतं. तीन दारं, तीन कात्रणं. आता हसावं की रडावं?

शहाण्या माणसाने तिथेच मास्तरांना फोन करून 'चूक झाली' म्हटलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? काळी चौकट. मुंगीएवढी अक्षरं. 'खुलासा'. आणि समोर वही उघडून बसलेली ऋतुजा! नाही. एकतीस वर्षांची पाटी अशी एका म्हाताऱ्याच्या स्वप्नापायी खराब होऊ देणार नाही.

"बाळा, गुरू, बबन," मी तिघांना पडवीत बसवलं. "आज सायंकाळी तुमी तिगे एक माणूस."

"म्हणजे कसा?" गुरूने विचारलं. त्याची बोटं मांडीवर चालूच.

"एका वेळेक रंगमंचार एकच. तेच कपडे. आदी बाळा, लोकांकडे पाठ करून फळ्यार चित्र काढतलो. पडदो पडलो काय तू पियानोर बसतलस, तोंड भिंतीकडे. मगे बबन. तेचा तोंड रंगवलेलाच. कोणाक कळतला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बबन पहिल्यांदाच बोलला, अगदी शांतपणे.

"भाऊनू, आमच्या धंद्यात ह्येका खेळ म्हणतत. पण पडलास तर हसूक होया, रडूचा नाय. जमतला?"

"अरे, मी कित्याक पडतंय!" मी म्हणालो.

तीन पिवळे सदरे मी स्वतः बाजारातून घेतले. एकाच मापाचे. पियानो तारकर्लीहून मासळीच्या टेम्पोतून आला. पहिल्या रांगेला शेवटपर्यंत बांगड्यांचा वास येत होता.

पाच वाजता सभागृह ओसंडून वाहत होतं. मागे उभं राहायला जागा नव्हती. मधल्या रांगांत अख्खं मसुरं येऊन बसलेलं. वर कापडी फलक: 'एकच भिकाजी, तीन कला'. कोपऱ्यात ऋतुजा, हातात कॅमेरा.

बाळाने पाठ करून चित्र काढायला सुरुवात केली. खडू सपासप फिरला. दहा मिनिटांत कोयतावाला नायक माडावरून झेपावला. टाळ्या! मी ध्वनिक्षेपक घेतला.

"भिकाजीराव, हे सगळं तुम्ही एकटे कसं करता?"

"घरच्यांचो आधार आसा," बाळा पाठमोराच म्हणाला.

सभागृहात हशा. मी मनात म्हटलं, वा, पोरगा हजरजबाबी निघाला. बाळाने वळून लोकांना नमस्कार केला, पडदा पडला, बाळा आत, आणि गुरूही लोकांना नमस्कार करूनच पियानोवर.

"मित्रहो, हेच भिकाजी आता हातावरचा खडू झटकून..."

"भाऊनू!" मागच्या रांगेतून आवाज आला. "हेची मिशी खंय गेली?"

मिशी! अहो, बाळाला मिशी होती, गुरूला नव्हती. सदरे तीन आणले, मिशीकडे बघितलंच नाही! तीनदा तपासणारा माणूस मी!

"कलावंत आहे," मी ठणकावून सांगितलं. "कला बदलली की रूप बदलतं!"

यावर जो हशा उठला, तसा या सभागृहात कधी उठला नसेल. मला वाटलं, काय वक्तृत्व आहे आपलं! गुरू वाजवायला लागला. 'भिकाजी एक'पासून 'भिकाजी बारा'पर्यंत. चार मुक्या पट्ट्यांवर बोट पडलं की मसुऱ्याची माणसं तोंडाने तो सूर भरून काढत होती. एकसाथ, बरोबर तालात! यांना हे पाठ कसं, असा प्रश्न पत्रकाराला पडायला नको? पडला नाही. मी दाद देत होतो.

मग बबन आला. लाल नाक, पायांत होडीएवढे बूट. सकाळचा मयताचा चेहरा कुठल्या कुठे! खुर्चीवर बसायला गेला, खुर्ची सरकली, तो आपटला. पहिल्या रांगेतून एक बाई ताडकन उभ्या राहिल्या.

"बबन्याऽ! नीट पड रे! परत्याक सदरो फाडून येशीत!"

ती धाकटी. बबनची आई.

मग बबनने कपाळावर हात मारला, प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला, आणि मागचा पडदा ओढून बाजूला केला. मागे बाळा आणि गुरू, दोघे बिस्किट खात उभे. तीन पिवळे सदरे एका ओळीत!

मी पळायला वळलो आणि बबनच्याच बुटाला अडखळलो. सपशेल आडवा. साष्टांग!

आता सांगा, काय करणार? रडायचं नव्हतं. मला हसू फुटलं. पडल्यापडल्या जो हसलो, तो पोट दुखेपर्यंत. बबनने मला हात देऊन उठवलं, आपलं लाल नाक काढलं आणि माझ्या नाकावर बसवलं. लोक खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मास्तर शाल घेऊन वर आले. डोळ्यांतून पाणी, पण हसून हसून.

"मास्तर, तुमका म्हायती होता?"

"भाऊ, तिघांकाय मीच शिकवलंय. हजेरी घेताना एका नावाक तीन 'हजर सर' येयत!"

"मगे फलकार 'एकच' कित्याक लिवलास?"

"पेपरात इल्ला मा! पेपर काय खोटा छापता?"

मी नाकावरचा लाल चेंडू नीट बसवला.

शाल एकच होती. तिन्ही आया खालून ओरडत होत्या, "माज्या झिलाक घाला, माज्या झिलाक!" शेवटी मास्तरांनी ती आडवी पसरून तिघांच्या खांद्यांवरून टाकली. मी मध्येच उभा होतो, म्हणून मीही तिच्यात आलो. ऋतुजाने फोटो काढला.

सोमवारी सकाळी ती माझ्या टेबलासमोर उभी. हसू दाबून दाबून चेहरा लाल झालेला.

"सर, खुलासा मी लिहू का?"

"नको," मी म्हणालो. "माझा खुलासा मीच लिहिणार. आणि कसा लिहितात ते बघून ठेव."

अकरा ओळी लिहिल्या. मसुऱ्याला जाऊन तिघांची आधार कार्डं पाहिली. तिन्ही आयांना वाचून दाखवला. माईंना म्हटलं, "आता 'पण' काय असात तो सांगा." त्या म्हणाल्या, "कायव नाय." ऋतुजाने तपासला, मास्तरांनी तपासला, मी तपासला. 'भिकाजी परब हे एक नसून तीन असल्याचे स्पष्ट झाले आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' एकतीस वर्षांतला पहिला खुलासा, पण निर्दोष! ऋतुजाने काढलेला फोटो सोबत जोडला आणि कुडाळच्या मुख्य कचेरीला पाठवून दिला. कुणाला सांगायला हरकत नाही, त्या रात्री मला गाढ झोप लागली.

मंगळवारी पेपर उघडला. काळी चौकट जागेवर. अकराच्या अकरा ओळी बरोबर. एक वेलांटी इकडची तिकडे नाही. वर फोटो, अगदी स्वच्छ: एका शालीखाली चौघे जण, त्यातल्या एकाच्या नाकावर लाल चेंडू. आणि फोटोखाली ओळ:

'डावीकडून: भिकाजी परब, भिकाजी परब, भिकाजी परब आणि भिकाजी परब.'

तिसरा मी.

ही ओळ कोणी लिहिली, असं मी मुख्य कचेरीला दोनदा लेखी विचारलं आहे. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.